ब्लू कार्ड संपतंय आणि पीआरचा पत्ता नाही: मधल्या काळात जर्मनीत राहायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. ताई श्टुटगार्टजवळ एका कंपनीत इंजिनिअर आहेत. त्यांचं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा मुदतीचा परवाना, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेला संपतंय. पीआरसाठी, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यासाठी, चार महिन्यांपूर्वी त्यांनी गावाच्या वेबसाइटवरून माहिती भरून पाठवली. 'आपला संदेश मिळाला' असं एक आपोआप येणारं उत्तर आलं, त्यानंतर शांतता. एचआर रोज विचारतंय, 16 तारखेपासून तुम्हाला कामावर कसं ठेवायचं? नवऱ्याचं कार्डही त्याच दिवशी संपतं. आणि नेमकी आताच मिरजेला वडिलांची बायपास ठरली आहे. गेले तर परत येऊ देतील का, हा खरा प्रश्न.

आधी उत्तर देते, कारणं मागून. ताई, तुम्ही जाऊ शकाल आणि परतही येऊ शकाल. पण आज तुमच्याकडे जे आहे तेवढ्या भरवशावर विमानात बसू नका. 15 तारखेच्या आत एक पत्र पाठवायचं आहे आणि त्या पत्राच्या जोरावर एक कागद मिळवायचा आहे. 16 पासूनची तुमची नोकरी त्या पत्रावर अवलंबून आहे आणि मिरजेहून परत येणं त्या कागदावर.

मी वकील नाही. इथल्या कंपन्यांसाठी परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्यांची कामं मी बरीच वर्षं बघते, त्यामुळे एबीएचच्या, म्हणजे आउसलेंडरबेहर्डे या परदेशी नागरिकांचे परवाने देणाऱ्या ऑफिसच्या, दारात माझे पुष्कळ दिवस गेले आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग आणि महाराष्ट्र यांच्यात 2024 मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून तर पुण्या-नाशिककडचे फोन वाढलेच आहेत. अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं असेल किंवा मुदत उलटून गेली असेल, तर माझं ऐकत बसू नका, सरळ वकील गाठा.

आता कारणं. लोक कार्डावरच्या तारखेकडे बघत बसतात. कायदा बघतो ती तुमच्या अर्जाची तारीख. वास्तव्याच्या कायद्याचं कलम 81, उपकलम 4 सांगतं की परवान्याची मुदत संपण्यापूर्वी तुम्ही मुदतवाढीचा किंवा दुसऱ्या परवान्याचा अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं धरलं जातं. त्याच्या सगळ्या अटींसह, सगळ्या हक्कांसह. यासाठी कोणी साहेबाने मंजुरी द्यावी लागत नाही, हे कायद्यानेच आपोआप होतं. कार्डावर 15 तारीख छापलेली असली तरी 16 ला तुम्ही ब्लू कार्डधारकच असता.

पण अर्ज एक दिवसही उशिरा गेला तर हे कवच आपोआप मिळत नाही. मग 'फार मोठा अन्याय होईल' असं पटवून ते मागून घ्यावं लागतं आणि देणं न देणं ऑफिसच्या हातात राहतं. म्हणून माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो: अर्ज खरंच झालाय का?

तुमच्या बाबतीत मला शंका आहे ती इथेच. बऱ्याच गावांच्या वेबसाइटवर दोन वेगळे फॉर्म असतात. एकातून खरा अर्ज जातो. दुसऱ्यातून फक्त टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ मागितली जाते. दोन्हींना उत्तर जवळजवळ सारखंच येतं. पुढे वाद झाला तर 'मी टर्मिन मागितली होती, म्हणजे अर्जच केला होता' हे सिद्ध करत बसण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा आज संध्याकाळी एक कागद घ्या आणि साधं पत्र लिहा. बहुतेकांना माहीत नसतं, पण मुदतीच्या आत अर्ज पोचवायला छापील फॉर्मच हवा असं नाही, सहीचं साधं पत्रही चालतं. फॉर्म आणि कागदपत्रं मागाहून जोडता येतात.

पत्रात नाव, जन्मतारीख, पत्ता, पासपोर्ट नंबर आणि सध्याच्या कार्डाचा नंबर व मुदत लिहा. मग तीन मागण्या. पहिली: मी नीडरलासुंग्स-एरलाउबनिस, म्हणजे पीआरसाठी अर्ज करत आहे. दुसरी: ते देता येत नसेल तर हिल्फ्सवाइझे, पर्यायी म्हणून, ब्लू कार्डची मुदत वाढवून द्यावी. तिसरी: कलम 81 उपकलम 5 प्रमाणे मला फिक्शन्सबेशाइनिगुंग, म्हणजे अर्ज केल्याने मिळालेल्या हक्काचा लेखी पुरावा, द्यावं. चार महिन्यांपूर्वी वेबसाइटवरून पाठवलेल्या माहितीची तारीख देऊन तिचा प्रिंटआउटही जोडा.

दुसरी मागणी वगळू नका. ब्लू कार्डवाल्यांना पीआर 27 महिन्यांची नोकरी आणि तेवढ्याच महिन्यांची पेन्शन वर्गणी झाल्यावर मिळतं. जर्मन भाषा बी1 पातळीची येत असेल तर 21 महिन्यांत. शिवाय 27 महिन्यांच्या वाटेलाही ए1 पातळीचं जर्मन लागतं. आता समजा मधे नोकरी बदलताना एखादा महिना रिकामा गेला आणि हिशेबात एक महिना कमी भरला. फक्त पीआरच मागितलं असेल तर अर्ज नामंजूर होतो आणि त्याबरोबर तुमचं कवचही जातं. पर्यायी मागणी असेल तर ऑफिस ब्लू कार्ड वाढवून देतं आणि पीआर तो महिना भरल्यावर पुन्हा मागता येतं. दोन ओळींचं काम आहे, पण मी पाहिलेल्या दहा पत्रांत एखाद्यातच या दोन ओळी असतात.

पत्र 'आइनवुर्फ-आइनश्राइबन' या रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती सांभाळा, आणि तेच स्कॅन करून ईमेलनेही पाठवा. फॅक्स असेल तर उत्तम. हसू नका, जर्मन सरकारी ऑफिसात फॅक्सच्या पोचपावतीला अजून वजन आहे. नवऱ्याचं पत्र वेगळं. नवरा-बायकोचा एकत्र अर्ज अशी भानगड इथे नाही. मुलं असतील तर त्यांचंही प्रत्येकी वेगळं. तुमचा अर्ज वेळेत आणि नवऱ्याचा राहून गेला, अशी घरं मी पाहिली आहेत. मग एकाचं सगळं सुरळीत आणि दुसऱ्याला ऑफिसमधून 'सध्या घरी बसा'.

आता तो कागद. फिक्शन्सबेशाइनिगुंग हा घडी घातलेला सरकारी कागद असतो. त्याची फी 13 युरो. आपल्या लोकांत त्याला नुसतं 'फिक्शन्स' म्हणतात. हक्क कायद्याने मिळालेला असतो, हा कागद त्याचा पुरावा. घेताना काउंटरवरून हलण्यापूर्वी आतल्या पानावर कुठल्या चौकटीत खूण आहे ते बघा. तिथे तीन पर्याय असतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खूण उपकलम 4 समोर असेल, म्हणजे 'जुना परवाना चालू आहे असं धरलं जातं', तर तुम्ही नोकरी करू शकता, देशाबाहेर जाऊ शकता आणि परत येऊ शकता. उपकलम 3, वाक्य 1 समोर असेल, तर फक्त इथे राहण्याची मुभा आहे. त्यावर बाहेर गेलात तर नवा व्हिसा घेऊनच परत यावं लागेल. ही खूण सहसा ज्यांच्याकडे आधी परवानाच नव्हता, कायदेशीरपणे व्हिसाशिवाय आले होते, त्यांच्यासाठी असते. तिसरी चौकट मुदत उलटल्यावर अर्ज करणाऱ्यांची. ब्लू कार्ड चालू असताना अर्ज केलेल्याला उपकलम 4 चीच खूण मिळायला हवी. घाईत चुकीच्या चौकटीत खूण झालेली मी पाहिली आहे. तिथल्या तिथे दाखवली तर दोन मिनिटांत दुरुस्त होते. नंतर लक्षात आली तर पुन्हा टर्मिनची वाट.

एचआरचं काय? त्यांची भीती खोटी नाही. परवाना नसलेल्याला कामावर ठेवलं तर कंपनीला जबर दंड होतो आणि कलम 4अ प्रमाणे परवाना तपासून त्याची प्रत जपून ठेवणं हे मालकाचं कामच आहे. त्यामुळे 16 तारखेला त्यांना फाइलमध्ये लावायला काहीतरी हवं असतं. फिक्शन्स तोवर मिळालं नसेल तर पत्राची प्रत, पोस्टाची पावती आणि उपकलम 4 चा मजकूर एका ईमेलमध्ये जोडून द्या. मोठ्या कंपन्यांना हे माहीत असतं. छोट्या कंपनीतल्या एचआरला कधी कधी त्यांच्या वकिलाकडून खात्री करून घ्यायची असते, घेऊ द्या. बँक आणि मुलांसाठीचा सरकारी भत्ता, म्हणजे किंडरगेल्ड, देणारं ऑफिस फमिलियनकासे यांचीही पत्रं येतील. त्यांनाही हाच संच पाठवायचा. त्यावर रात्रीची झोप घालवू नका.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हाच प्रश्न विद्यार्थीही विचारतात आणि तुम्हाला दिलेलं उत्तर वाचून फसतात. उपकलम 4 जुना परवाना जसाच्या तसा पुढे नेतं, हे नीट वाचा. एखाद्या मुलाचा स्टुडंट परवाना आहे, मास्टर्स झालं, नोकरी मिळाली आणि त्याने ब्लू कार्डचा अर्ज केला. वाट बघण्याच्या काळात त्याच्याकडे आहे तो चालू धरलेला *स्टुडंट* परवाना. त्यावर वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम, ही 2024 पासूनची मर्यादा. फुल टाइम नोकरी पहिल्या तारखेपासून सुरू केली तर मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही. यातून दोन वाटा आहेत. नवं कार्ड छपाईला गेलं की उपकलम 5अ प्रमाणे त्या कार्डावर लिहिलेलं काम लगेच सुरू करता येतं, प्रत्यक्ष कार्ड हातात यायची गरज नाही. मात्र तशी नोंद फिक्शन्सवर करून घ्या. नाहीतर पदवीनंतर 18 महिन्यांचा नोकरी शोधण्याचा परवाना आधी घ्या. त्यावर कुठलंही काम करता येतं आणि मग ब्लू कार्डची वाट निवांत बघता येते. नोकरी हातात असली तरी मी कित्येकांना ही दुसरी वाट सांगते.

आता मिरज. तुमच्याकडे मूळ पासपोर्ट, मुदत संपलेलं कार्ड आणि उपकलम 4 ची खूण असलेलं मूळ फिक्शन्स, या तीन गोष्टी हव्यात. झेरॉक्स नाही, मोबाइलवरचा फोटो तर नाहीच. जुनं कार्ड 'आता काय उपयोग' म्हणून घरी ठेवून जाऊ नका, कागद त्याच्याबरोबरच चालतो. फिक्शन्सवरही मुदत असते, बहुधा काही महिन्यांची. परतीची तारीख तिच्या आत हवी, आणि थोडी आत. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, वडिलांना जास्त दिवस ठेवून घेतात, हे गृहीत धरूनच तिकीट काढा.

कागद लवकर मिळवण्यासाठी हॉस्पिटलकडून लेटरहेडवर इंग्रजीत चार ओळी घ्या: रुग्णाचं नाव, काय शस्त्रक्रिया, कधी. ते पत्र, तिकिटाचं बुकिंग आणि नातं दाखवणारा पुरावा जोडून एबीएचला ईमेल करा. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव असतं, तोच पुरावा. विषयाच्या ओळीतच प्रवासाची तारीख आणि 'वडिलांची शस्त्रक्रिया' हे लिहा. बऱ्याच ऑफिसांत तातडीच्या कामांसाठी थोडी टर्मिनं राखून ठेवलेली असतात आणि अशा ईमेलला उत्तर येतं. 'प्लीज लवकर करा' असल्या मोघम ईमेलला येत नाही.

परतताना खरी कसोटी जर्मन सीमेवर लागत नाही, ती मुंबईच्या टर्मिनल 2 वर चेक-इनला लागते. फ्रँकफर्टचा पोलीस हा कागद रोज बघतो. मुंबईच्या काउंटरवरचा मुलगा कार्ड उलटसुलट करतो, तारीख बघतो आणि म्हणतो, "मॅडम, हे एक्स्पायर झालंय." त्याची चूक नाही. चुकीचा प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला बसतो. आवाज चढवू नका. शांतपणे फिक्शन्स उघडून खूण दाखवा आणि सुपरवायझरला बोलवायला सांगा. नियम त्यांच्या सिस्टिममध्ये असतात, त्यात ते शोधतात. यात सहज अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून चार तास आधी पोचा. आणि शक्यतो मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला उतरा. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे आलात तर शेंगेनमधला, म्हणजे युरोपातल्या सामायिक प्रवेशाच्या देशांमधला, प्रवेश तिथे होतो. कागद तिथेही चालायला हवा, पण तो ओळखणारा अधिकारी समोर असेलच असं नाही. लंडनमार्गे मात्र मुळीच नको. भारतीय पासपोर्टवर तिथल्या ट्रान्झिट व्हिसातून सूट हवी तर मुदत शिल्लक असलेलं कार्ड लागतं, आणि तुमच्याकडे तेच नाही.

हा उशीर का होतो हेही सांगते, म्हणजे ऑफिसात कोणावर राग काढायचा हा प्रश्न सुटेल. जर्मनीत पाचशेहून अधिक आउसलेंडरबेहर्डे आहेत, प्रत्येक जिल्ह्याचं आणि मोठ्या शहराचं आपापलं. कायदा एकच, पण माणसं, संगणक आणि सवयी वेगळ्या. 2022 मध्ये युक्रेनमधून दहा लाखांहून जास्त लोक आले आणि त्यांचं कामही याच टेबलांवर आलं. कार्ड तर सगळ्या देशासाठी बर्लिनच्या बुंडेसड्रुकराई या सरकारी छापखान्यात छापलं जातं, त्यालाच काही आठवडे जातात. म्हणून मैत्रिणीला शेजारच्या जिल्ह्यात सहा आठवड्यांत पीआर मिळालं, यावरून स्वतःचा अंदाज बांधू नका.

याच कारणाने वाट बघण्याच्या काळात गाव बदलू नका, टाळता येत असेल तर. नव्या जिल्ह्यात गेलात की तुमची फाइल जुन्या ऑफिसकडून मागवली जाते आणि नव्या ठिकाणी तुम्ही रांगेच्या शेवटी उभे राहता. त्याच गावात घर बदललं तर एवढा त्रास नाही, दोन आठवड्यांत अनमेल्डुंग, म्हणजे नव्या पत्त्याची नोंदणी, करा की झालं. नोकरी बदलणं ब्लू कार्डच्या पहिल्या 12 महिन्यांनंतर परवानगीशिवाय जमतं. तरीही पीआरचा अर्ज टेबलावर असताना बदललीत, तर नवं काँट्रॅक्ट, पगाराच्या नव्या स्लिपा आणि नव्या नोकरीतला प्रोबेशन काळ, हे सगळं पुन्हा तपासलं जातं. पगार फारच चांगला मिळत असेल तर जा, नाहीतर थांबा. आणि नोकरी गेलीच तर लपवू नका. दोन आठवड्यांत एबीएचला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि कंपनीही चार आठवड्यांत कळवतेच.

आता दबाव कसा आणायचा. अर्जाला तीन महिने झाले आणि ऑफिसने सबळ कारण न देता काहीच केलं नसेल, तर प्रशासकीय न्यायालयात उन्टेटिशकाइट्सक्लागे, म्हणजे 'निर्णयच दिला नाही' म्हणून दावा लावता येतो. त्याची कोर्ट फी साधारण पाचशे युरोच्या घरात जाते, वकील केला तर त्याची वेगळी. पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही. विनाकारण उशीर केला असेल तर हा खर्च शेवटी ऑफिसच्याच माथी बसतो, आणि बहुतेक वेळा दावा पोचल्यावर निकालाआधीच फाइल हलते. आपले लोक याला फार घाबरतात. सरकारवर दावा लावला तर डूख धरतील, पीआर कधीच देणार नाहीत, असं वाटतं. मी तसं घडलेलं पाहिलेलं नाही. अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो आणखी एक कागद असतो, फक्त त्यावर उत्तराची तारीख असते. तरी लगेच कोर्टात धावू नका. आधी लेखी आठवण द्या, 'अमुक तारखेपर्यंत निर्णय न आल्यास दावा दाखल करेन' असं एक वाक्य त्यात घाला आणि दोन-तीन आठवडे थांबा. पुष्कळांचं काम तेवढ्यावर होतं. तुमचे चार महिने मोजायचे असतील तर मात्र चार महिन्यांपूर्वीचा तो अर्जच होता, टर्मिनची मागणी नव्हे, हे आधी तपासा. नाहीतर तुमचे तीन महिने आजच्या पत्रापासून.

घरात बाळ येणार असेल तर मात्र मी कुणालाच थांबायला सांगत नाही. बाळ जर्मनीत जन्मलं, त्यावेळी आई किंवा वडील यांपैकी एकाचं इथलं कायदेशीर वास्तव्य पाच वर्षांचं झालेलं असलं आणि त्यांच्याकडे पीआर असलं, तर बाळाला जन्मतःच जर्मन नागरिकत्व मिळतं. जून 2024 पर्यंत ही अट आठ वर्षांची होती. पीआर जन्माच्या दिवशी हातात असावं लागतं, जन्मानंतर आठवड्याने आलेलं चालत नाही. पाच वर्षं भरली आहेत आणि फाइल टेबलावर पडून आहे, अशा जोडप्याने प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेलं डॉक्टरचं पत्र अर्जाला जोडावं आणि दाव्याची भाषा पहिल्याच आठवणपत्रात करावी. बाळ भारतीय नागरिक म्हणून जन्मलं तर त्याच्या परवान्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांत करायचा असतो. त्याआधी कॉन्सुलेटमधून त्याचा पासपोर्ट काढावा लागतो, त्यामुळे सहा महिने वाटतात तेवढे मोठे नाहीत.

आणि टर्मिन मिळाली की बोटांचे ठसे देताना तुमची माहिती तपासायला देतात, तेव्हा नाव अक्षर न् अक्षर वाचा. आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. जर्मन क्लार्क कधी ते गाळतो, कधी आडनावाला जोडतो. तुमचं लग्नानंतर पासपोर्टात नाव बदललं असेल आणि पगाराच्या स्लिपवर जुनंच असेल तर हे हमखास होतं. चुकीचं छापलेलं कार्ड परत बर्लिनला जातं आणि ते पुन्हा येईपर्यंत तुम्ही पुन्हा फिक्शन्सवर.